गुरुनाथच्या पेशी

"काकू, या पेशी बाईच्या आहेत," लॅबमधला पीएचडीचा विद्यार्थी सत्यजित म्हणाला.

सुनेत्राबाई बाटलीचं झाकण लावता लावता थांबल्या. "काहीतरीच काय? ह्यांच्या आहेत त्या."

"वाय क्रोमोसोमच नाहीये. मी दोनदा चेक केलं. सॉरी, काकू. आपण शेजारी वाढवतो ना, त्या कुणा बाईच्या कॅन्सरच्या पेशी आहेत या."

नेपरव्हिलजवळच्या त्या संशोधन केंद्रात सुनेत्राबाई वर्षानुवर्षं पेशी वाढवत होत्या. नागपूरची एमएस्सी, लग्न होऊन अमेरिकेत आलेल्या, मुलगी शाळेत जायला लागल्यावर टेक्निशियन झालेल्या. पेशींना खाऊ म्हणून बाटलीतला गुलाबी द्रव घालायचा, दाटी झाली की निम्म्या दुसऱ्या बशीत हलवायच्या. पोरं सांभाळण्यासारखंच काम, फक्त ही पोरं उलटून बोलत नाहीत.

माणूस म्हातारा का होतो, हा तिथल्या प्रोफेसरबाईंचा विषय. साधी पेशी ठरावीक वेळा दुभंगते आणि थांबते. दर वेळी गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, वापरातल्या साबणाच्या वडीसारखी. कॅन्सरच्या पेशी ती टोकं पुन्हा बांधून घेतात, म्हणून त्या थांबत नाहीत. अभ्यासासाठी साठीच्या पुढची माणसं हवी होती, तेव्हा सुनेत्राबाईंनी नवऱ्यालाच उभं केलं. गुरुनाथरावांनी दंडाच्या कातडीचा कण दिला आणि त्या बदल्यात कॅफेटेरियातलं सँडविच उकळलं. पुढच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेमधला बर्फ उपसताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

पेशी मात्र चालू राहिल्या. बाकी सगळ्यांच्या थकून थांबल्या, गुरुनाथरावांच्या थांबेनात. प्रोफेसरबाई खूश, सत्यजितने तर प्रबंधाचं नावसुद्धा ठरवून टाकलं. महाराष्ट्र मंडळात कुणीतरी म्हणालं, "गुरुनाथ मोठा चिवट निघाला हं!" सुनेत्राबाई नुसत्या हसल्या. पण रोज सकाळी कोट अंगात असतानाच त्या आधी इन्क्युबेटर उघडून बघत. त्या सुखात होत्या, अगदी उघडउघड सुखात होत्या. आता सत्यजितने रिपोर्ट टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

चूक कुठे झाली, हे आठवायला फार वेळ लागला नाही. अंत्यसंस्कारानंतरच्या आठवड्यातच त्या कामावर आल्या होत्या. डोकं ठिकाणावर नव्हतं. कॅन्सरच्या पेशींसाठी फोडलेली बाटली दुसऱ्या कशाला वापरायची नाही, हा नियम त्या स्वतःच नव्या पोरांना शिकवत. पण त्या दिवशी बाटलीच्या तळाशी महागडा द्रव उरला होता आणि तूप कढवलेल्या भांड्यात पोळी फिरवून खाणाऱ्या घरात वाढलेल्या बाईच्याने तो टाकवला नाही. उरलेला त्यांनी गुरुनाथरावांच्या बशीत ओतला. एखादी पेशी त्याबरोबर आली असणार. एकच पुरते. तिने हातपाय पसरले आणि मूळ मालकाला महिन्या-दोन महिन्यांत बाहेर काढलं.

"म्हणजे इतके दिवस मी एका परक्या बाईला भरवत होते," त्या म्हणाल्या.

प्रोफेसरबाईंना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की हे मोठ्यामोठ्या लॅबमध्ये होतं. ते ऐकून सुनेत्राबाईंना जास्तच वाईट वाटलं.

द्रव नायट्रोजनच्या टाकीत अगदी सुरुवातीची, शुद्ध पेशींची एक कुपी शिल्लक होती. ती काढायची का, हे बाईंनी त्यांच्यावरच सोपवलं.

"राहू दे ना फ्रोझन," सत्यजित म्हणाला. "तिथे त्यांना काहीच होणार नाही, काकू. पण बाहेर काढल्या तर... या खऱ्या त्यांच्या आहेत. थांबतीलच."

"थांबू देत. एवढ्या थंडीत ठेवून काय करायचंय? ह्यांना थंडी कधी मानवलीच नाही."

कुपी निघाली. या वेळी त्यांची बाटली वेगळी, वेळ वेगळी, आणि तळाशी उरलेलं सुनेत्राबाई न बघता ओतून देत. पेशी आधी भराभर वाढल्या, मग रेंगाळल्या. पानगळीतले फॉल कलर्स बघायला गावोगावची मंडळी बाहेर पडली, त्या सुमारास त्या दुभंगायच्या थांबल्या. मेल्या नाहीत, मोठ्या, चपट्या होऊन नुसत्या पसरून राहिल्या. थांबलेल्या पेशींना निळ्या करणारं एक रसायन असतं. ते घातलं की त्यांचा कारभार कायमचा संपतो. सुनेत्राबाईंनी ते स्वतःच्या हाताने घातलं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळीकडे निळं होतं.

मग त्यांनी भिंतीवरच्या फोनवरून बेलव्ह्यूला लेकीला, इलाला फोन लावला. ती तिथे सॉफ्टवेअर कंपनीत होती.

"आई? इज एव्हरीथिंग ओके? तू वर्कवरून कधी कॉल करत नाहीस."

"हो गं, ठीक आहे. बाबा गेले, एवढंच सांगायचं होतं."

बाबांना जाऊन पावणेदोन वर्षं होत आली होती आणि तेव्हा सगळी फोनाफोनी इलानेच केली होती.

"आय नो, आई," ती हळूच म्हणाली. "आय'म हिअर. यू कॅन क्राय."

सत्यजित फोटो काढायला कॅमेरा घेऊन दारापर्यंत आला होता. त्याने आत बघितलं, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि बाहेरच उभा राहिला.