दोघांच्या मधला सट

मी सट बोलतोय. चिनी मातीचा, झाकणाचा, पोटाने मोठा आणि गळ्याने आखूड. भांड्याने बोलू नये म्हणतात. ऐकावं नि गप्प बसावं. तसा मी जन्मभर गप्पच बसलोय. पण गप्प बसण्याचंही ओझं होतं हो. म्हणून आज बोलतो. सावकाश बोलेन, मी काही घाईचं भांडं नव्हे.

कुंभाराने मला चाकावरून उतरवलं तेव्हा मी ओला होतो. कुणी बोट लावलं तरी खळगा पडावा, असा. भट्टीतून निघालो तो टणक होऊन. वरून तपकिरी झिलई, आतून पांढरी. कुंभार म्हणाला, "याला आंबट बाधायचं नाही." पितळेला आंबट सोसत नाही, लोखंडाला नाही, ॲल्युमिनियमला तर नाहीच. मला सोसतं. तेव्हा माझ्या नशिबी आंबटच येणार, हे तिथेच ठरलं म्हणायचं.

मला घरी आणलं एका शिवणाऱ्या बाईने. ती कारखान्यात दिवसभर मशीन मारायची. नवरा मागेच गेलेला, घरी दोन पोरं, थोरला आणि धाकटा. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की तिच्या अंगात त्राण नसायचं आणि पोरांच्या पोटात कावळे ओरडत असायचे. मग तिने युक्ती काढली.

सकाळी कामावर निघण्याआधी ती कोंबडीचे तुकडे माझ्यात घालायची. त्यावर संत्र्याची किसलेली साल, थोडा रस, ठेचलेला लसूण, मिरपूड, मीठ, तेल. खिडकीतल्या कुंडीतला पुदिना आणि ओव्याची पानं हातानेच चुरून टाकायची. झाकण लावून मला फ्रिजमध्ये ठेवायची. दिवसभर मी अंधारात ते मुरवत बसायचो. संध्याकाळी ती आली की वरून लिंबू पिळायची आणि तोंड धुऊन येईपर्यंत तसंच ठेवायची. मग जाड बुडाच्या तव्यात तुकडे टाकले की चुर्र आवाज व्हायचा, उरलेला रस वरून पडायचा, झाकण बसायचं. झालं जेवण. तिला तेवढ्या वेळात पाय पसरून बसता यायचं.

"आई, लिंबू सकाळीच का नाही गं पिळत?" धाकट्याने एकदा विचारलं.

"लिंबू उतावळं असतं रे बाळ्या. दिवसभर ठेवलं तर चुलीआधी तेच मांस शिजवतं. चोथा होतो नुसता. संत्रं धीराचं, लिंबू ऐन वेळचं."

"मग दादा संत्रं आणि मी लिंबू!"

"तू कसला लिंबू?" थोरला म्हणाला. "तू लिंबातली बी. दाताखाली आलास की कडू."

असे हसायचे तिघं. मी धुऊन पालथा घातलेला असायचो, पण ऐकायचो.

पोरं मोठी झाली. थोरला लॉन्ड्रीत इस्त्रीवर लागला, दिवसपाळीला. धाकटा बेकरीत, रात्रपाळीला. दोघांचंही आयुष्य आचेपाशीच गेलं. आणि आई अंथरुणाला खिळली.

ती गेली तेव्हा उजाडत होतं. धाकटा पाळी संपवून तिच्यासाठी गरम पाव घेऊन आला. थोरला दारातच उभा होता. रडून डोळे सुजलेले. तो म्हणाला, "आता येतोस? वाट बघत बघत गेली ती. तुला तुझे पाव प्यारे."

बस, एवढंच. दुःखात माणूस काहीबाही बोलतो. पण तोंडातून गेलेला शब्द आणि भट्टीतून निघालेली माती पुन्हा मऊ होत नाही. धाकट्याने पाव ओट्यावर ठेवला आणि त्यानंतर तो दादाशी बोलला नाही. थोरलाही हटवादी. त्याने माघार घेतली नाही. घर एक, चूल एक, पण एक आला की दुसरा बाहेर पडायचा, नाहीतर डोक्यावर पांघरूण घ्यायचा.

मी फळीवर रिकामा पडून होतो. आत कोळ्याने घर केलं. वाटलं, आपलंही संपलं.

मग एका सकाळी धाकट्याने मला खाली काढलं. घासलं, पुसलं. कोंबडी घातली, संत्र्याची साल किसली, पानं चुरली. आईचाच हात. झाकण लावलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि झोपी गेला. संध्याकाळी तो कामावर गेल्यावर थोरला आला. त्याने फ्रिज उघडला, माझं झाकण उचललं आणि वास घेतला. फ्रिजचं दार उघडंच ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग टोपलीतलं लिंबू घेतलं, कापलं आणि पिळलं.

त्याने शिजवलं, अर्धं खाल्लं. मला कढत पाण्याने धुऊन उरलेलं अर्धं माझ्यात घातलं. सकाळी धाकट्याने ते गरम करून खाल्लं.

तेव्हापासून तसंच चालू झालं. एकाने मुरवायचं, दुसऱ्याने शिजवायचं. एक जेवण दोघांनी करायचं आणि एकमेकांचं तोंड बघायचं नाही.

बोलायचे मात्र. माझ्याशी!

"आपल्या थोरल्या महाराजांना सांग," धाकटा मीठ घालताना म्हणायचा, "काल तवा नीट तापला नव्हता. चादरींना इस्त्री करता येते, कोंबडीला करता येत नाही वाटतं."

संध्याकाळी थोरला म्हणायचा, "साहेबांना म्हणावं, लसूण सोलून घालतात, सालासकट नाही. आणि त्याचा खोकला ऐकू येतो मला रोज सकाळी पांघरुणातून. म्हणावं, औषध घे."

मी कसं सांगणार? निरोप माझ्या पोटात पडायचे आणि धुतल्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जायचे. खोकल्याचं औषध मात्र एक दिवस माझ्या शेजारी फ्रिजमध्ये येऊन बसलं. बाटली अर्धी होईपर्यंत दोघांपैकी कुणी तिचं नाव काढलं नाही.

एका सकाळी धाकटा पानं चुरत होता. म्हणाला, "दादाला सांग, मालक दुसऱ्या गावी बेकरी काढतोय. मला तिकडे पाठवतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही. दादाने नुसतं राहा म्हटलं ना, तर राहीन. त्याच्या तोंडून ऐकायचंय फक्त."

माझी माती आतून तडकते की काय असं झालं. संध्याकाळी थोरला आला तोच दार आपटत.

"कोंबडीवाली मावशी सांगते मला, तुझा भाऊ गाव सोडतोय म्हणून! अख्ख्या गल्लीला ठाऊक, घरात पत्ता नाही." लिंबू पिळता पिळता त्याचा आवाज खाली आला. "जाऊ नको म्हणावं त्याला. मी बोललो ते चुकलं. आई वाट बघत होती हे खरं, पण रागावली नव्हती. म्हणाली होती, येईल, पाव घेऊन येईल."

हे धाकट्याला कळलं असतं तर! पण मी मातीचा गोळा. दिवस जात राहिले. ओठापर्यंत आलेलं दोघं रोज माझ्यात ओतत राहिले आणि धाकट्याने मालकाला हो म्हटलं.

जायच्या दिवशी सकाळी त्याने मला हौसेने भरलं. संत्रं, लसूण, पानं, सगळं. झाकण ठेवता ठेवता थांबला आणि टोपलीतलं लिंबू काढून त्याने तेही पिळलं. उन्हं चढायच्या आत! मी मनात ओरडलो, अरे बाळ्या, आई काय सांगायची? पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं.

त्या संध्याकाळी तो बाहेर पडला नाही. बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मुद्दाम. थोरला आला, त्याला पाहून चपापला. त्याने मला ओट्यावर घेतलं आणि झाकण उघडलं. तुकडे पांढरेफटक पडलेले, बोट लावलं तर सुटणारे. वास लिंबाचा.

किती दिवसांनी दोघं एका खोलीत होते. आणि थोरला कुणाकडे बघून बोलला? माझ्याकडे.

"विचार याला. लिंबूही पिळून टाकलंस? म्हणजे माझं कामच संपवलंस की या घरातलं."

धाकटाही माझ्याकडेच बघत म्हणाला, "त्याला म्हणावं, दिवसभर वाफेत उभा राहून येतो. एक दिवस तरी आयतं मिळावं म्हणून पिळलं."

थोरल्याला ते समजलं. मी पाहिलं, त्याचे खांदे खाली आले. लिंबाचे हात त्याने पुसले, पुन्हा पुसले. धाकटा थांबला. बॅग या हातातून त्या हातात घेतली. आणखी थांबला. एक शब्द हवा होता हो. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"येतो," धाकटा म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही.

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, दार लागलं, टेम्पो वळला. तेव्हा थोरला माझ्यावर ओणवा झाला आणि म्हणाला, "राहा. राहा म्हणावं त्याला. राहा रे."

हल्ली तोच सकाळी भरतो, तोच संध्याकाळी शिजवतो. अर्धं खातो, अर्धं माझ्यात ठेवतो आणि सकाळी थंडच खाऊन कामाला जातो. माझ्याशी मात्र आता बोलत नाही. मी आहे तसा आहे, कुठे टवका नाही. फ्रिजचं दार लागलं की दिवा जातो आणि मी आणि ते अर्धं जेवण, दोघंच उरतो.

तुम्ही कुठकुठल्या गावी जात असाल. तिथे सकाळी पाव घ्यायला गेलात आणि बेकरीवाला गिऱ्हाइकाशी न बोलता पावालाच म्हणाला, "नीट जा रे बाबा, दबू नकोस," तर तो आमचा धाकटा समजा. बाकी काही सांगू नका, फार लांबड लावू नका. एवढंच सांगा, दादा राहा म्हणाला होता. उशिरा म्हणाला, पण म्हणाला. मी ऐकलंय.