छत्तीस दातांचा मोतीराम

बेल्याच्या मोतीरामजवळ लोकांना दाखवण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे दात. बारा महिने निंबाची काडी चावायची, वरून तंबाखू. तरी दात असे, की आठवडी बाजारात सोड्याच्या बाटलीचं बूच तो दातानं उडवायचा आणि सोडावाला त्याला ती बाटली फुकट पाजायचा. बायको चंपाबाई म्हणायची, "घडवणाऱ्यानं सारा माल याच्या तोंडात भरला, डोक्यासाठी काई उरलंच नाई."

अठ्ठ्याऐंशी साली गजदंत मंजनाचे एजंट अमृतराव नागपूरकडून जीप घेऊन आले. त्यांनी बूच उडताना पाहिलं, मोतीरामचा हसतानाचा फोटो काढला आणि विचारलं, "दात कशानं घासता?"

"निंबाच्या काडीनं."

"आजपासून गजदंतनं." मंजनाचे बारा डबे त्याच्या कुशीत ठेवून अमृतराव निघून गेले. करार म्हणायचा तर एवढाच.

पंधरा दिवसांनी बस स्टँडवर पत्र्याचा बोर्ड लागला. तो आदिलाबादच्या नरसय्या पेंटरनं रंगवलेला. नरसय्याची भाषा तेलुगू. मराठी अक्षरं तो फुलंपानं काढावीत तशी बघून बघून काढायचा. खाली लिहिलं होतं, 'मी फक्त गजदंत वापरतो. मोतीराम, बेला.' वर बैलगाडीच्या चाकाएवढं मोतीरामचं तोंड हसत होतं. नरसय्या मनाचा उदार. तोंड मोठं निघालं, जागा उरली, म्हणून तो दात भरत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम लोटा घेऊन ओट्यावर काडी चावत बसला. दात घासणं हे गावात चारचौघांतलंच काम. कोण काय लावतो, किती वेळ घासतो, कुठं थुंकतो, हे गल्लीला तोंडपाठ असतं. किराणा दुकानदार माणिकराव समोर येऊन उभे राहिले. त्यांनी मंजनाची चार खोकी मागवून ठेवली होती.

"हे का चावून राह्यला?"

"काडी."

"बोर्डावर 'फक्त' लिवलं हाये. फक्त म्हंजे फक्त." त्यांनी काडी त्याच्या तोंडातून काढून घेतली आणि खिशात घातली.

मोतीरामनं आयुष्यात पहिल्यांदा मंजन लावलं. लाल भुकटी, चव विटेची. गल्लीनं पाहिलं. दुपारपर्यंत माणिकरावांचं एक खोकं संपलं.

पुढं रोज सकाळी ओट्यापुढं गर्दी होऊ लागली. कोणी नमस्कार घालायचं, कोणी डबा बदलून मागायचं. सोजरबाईनं तर जबडाच उघडून दाखवला. "तुह्या मंजनानं माह्या हिरड्या सोलल्या."

"माहं नाई ते बाई, कंपनीचं हाये."

"कंपनीचं तोंड मले कोठी दिसलं नाई," सोजरबाई म्हणाली. "तुहं दिसून राह्यलं."

आदिलाबादची बस वेळेवर यायची नाही, त्यामुळं स्टँडवरच्या लोकांना मोजायला सवड असे. बोर्डावर छत्तीस दात होते. फकिरानं दोनदा मोजले आणि बस सोडून मोतीरामच्या घरी आला.

"आ कर."

मोतीरामनं केला.

"बत्तीस. चार कोठी गेले?"

"नव्हतेच."

"बोर्डावर हायेत."

"बोर्ड चुकला."

"ऑइल पेंट हाये तो," फकिरा म्हणाला. "तूच चुकला असशीन."

संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या तामसी गावाला पोचली, की गजदंतवाल्या मोतीरामचे चार दात पडले. लोक अर्धे वापरलेले डबे माणिकरावांच्या दुकानात परत आणू लागले. अमृतराव जीप घेऊन धावत आले. मोतीराम म्हणाला, बोर्डावरचे चार दात खोडून टाका.

"बोर्ड बावीस गावांत लागलेत आणि तोंड एकच आहे," अमृतराव शांतपणे म्हणाले. "कशात हात घालणं सोपं, ते तुम्हीच सांगा. उद्यापासून दोन्ही वेळा लावा. लोकांसमोर."

दोन महिन्यांत समोरचे दात हलायला लागले. मोतीराम रात्रंदिवस जिभेनं ते जागेवर दाबून ठेवायचा, त्यामुळं बोलणं बंद झालं. आपल्याजवळ दाखवण्यासारखं एकच, तेही आता चाललं, हे त्याला कळत होतं. एका पहाटे तो कपाशीच्या पऱ्हाटीत लपून काडी चावायला गेला. फकिरानं पाहिलं. मोतीराम घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. चंपाबाई दारात उभी होती.

"लोकाईत तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तुमी."

त्या दिवसापासून माणिकरावांनी ओट्यावर दोन माणसं पहाऱ्याला बसवली. ती थांब म्हणेपर्यंत घासायचं. हिरड्यांतून रक्त यायचं, पण मंजनच लाल, म्हणून ते कोणाला दिसलं नाही.

दसऱ्याआधीच्या बाजारात अमृतरावांनी कार्यक्रम ठेवला. मोतीराम सर्वांसमोर बूच उडवणार, मग लोकांचा भरवसा बसणार. मोतीरामनं हात जोडले. त्याला बाटली देण्यात आली. तो चावला. बूच तिथंच राहिलं, समोरचे दोन दात खाली पडले.

बाजार वाकून दातांकडं बघू लागला. मग फकिराचा आवाज आला, "तीस."

सोडावाल्यानं पहिल्यांदाच पैसे मागितले.

अमृतराव मात्र रागावले नाहीत. त्यांनी कॅमेरा काढला आणि सांगितलं, "हसा."

महिन्याभरात नवा बोर्ड लागला. डावीकडं जुना मोतीराम, उजवीकडं नवा, आणि खाली, 'मी गजदंत सोडलं. मोतीराम, बेला.' पऱ्हाटीतल्या त्या एका काडीवरून एवढं लिहिता आलं. या वेळी नरसय्यानं हात आखडता घेतला नाही, उलट बोळकं मन लावून रंगवलं. मंजन असं खपलं, की माणिकरावांना गर्दी आवरायला दुकानाबाहेर दोर बांधावा लागला. सोजरबाई स्वतःची सुजलेली हिरडी धरून ओट्याशी आली आणि हळहळली.

"काऊन सोडलं रे बाप्पा? इतकं चांगलं होतं."

मोतीरामला सांगायचं होतं, पण समोरच्या फटीतून नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी बस पुन्हा उशिरा आली. फकिरानं नव्या बोर्डावरचा उजवा मोतीराम मोजला, खात्रीसाठी परत मोजला, आणि माणिकरावांना व पहाऱ्यावरच्या दोघांना घेऊनच मोतीरामच्या घरी आला.

"आ कर."

मोतीरामनं केला. आता सवय झाली होती.

"तीस," फकिरा म्हणाला. "बोर्डावर चार."

माणिकराव विचारात पडले. दुकानात सहा नवी खोकी उतरली होती, आणि तामसीचे लोक मंगळवारच्या बाजाराला मोतीरामला बघायला येणार होते.

"सव्वीस जास्त हायेत," ते म्हणाले. "लोक म्हणतीन, बोर्ड खोटा हाये."

"ऑइल पेंट हाये," फकिरा म्हणाला.

मोतीरामनं तोंड मिटायला घेतलं. पहाऱ्यावरच्या एकानं त्याची हनुवटी धरली, अगदी हळू. माणिकरावांनी पिशवीतून पकड काढून धोतराला पुसली. चंपाबाई आतून लोटाभर पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "ओट्यावर नोका सांडू. आताच सारवला."