टोकासमोर उभे राहू नका

पडद्याची सळई म्हणालात ना मला? म्हणा, म्हणा. सवय आहे मला. प्रयोगशाळेला रंग द्यायला आलेल्या रंगाऱ्याने तर माझ्यावर ओला सदरा वाळत घातला होता. कुणी काठी म्हणतं, कुणी टॉवेल टांगायचा दांडा. म्हणून आज मीच तोंड उघडतोय. मी डायपोल आहे. डायपोल अँटेना. एका रेषेत ठेवलेल्या दोन पितळी सळया आणि मधोमध बोटभर फट, एवढाच माझा संसार. पण तेवढ्यावर मी तारेशिवाय दिवा लावतो, आहात कुठे!

माझा जन्म एका लेथच्या वर्कशॉपमध्ये झाला. मालक आणि कामगार एकच, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम त्यांच्याकडे कागद घेऊन आल्या. कागदावर अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन सळया आणि मध्ये फट काढली होती. मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून पाहिला, मान हलवली आणि मॅडम गेल्यावर स्वतःशीच म्हणाले, "शिकलेली माणसं, पण सळई मोडलेली काढलीय."

मिस्त्रींचा हात असा, की वाकडं काम त्यांच्याकडून बाहेर पडायचंच नाही. त्यांनी माझे दोन्ही भाग डाख देऊन जोडले आणि सांधा इतका छान घासला, की नखालाही लागू नये. मी एकसंध, चकचकीत झालो. त्यांना माझा केवढा अभिमान वाटत होता! आठ दिवसांनी मॅडम आल्या.

"अहो मिस्त्री, फट कुठे गेली?"

"बुजवली की! तुमच्या कागदात चूक होती, मॅडम. मी आपली सुधारून दिली."

मॅडम आधी डोक्याला हात लावून बसल्या आणि मग पोट धरून हसल्या. "मिस्त्री, त्याचा सगळा जीव त्या फटीतच होता हो!"

मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांनी करवत काढली, मला मधोमध कापलं आणि दोन्ही तुकडे बेकलाइटच्या, म्हणजे वीज न वाहणाऱ्या गट्टूवर, मध्ये बोटभर फट मोकळी ठेवून पुन्हा एका रेषेत बसवले. कापताना एकच वाक्य बोलले, "आयुष्यात पहिल्यांदा तोडून काम देतोय." ते त्यांच्या मनाला लागलं, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. माझ्याबरोबर माझ्यासारखाच एक धाकटा भाऊही झाला. त्याच्या फटीत टॉर्चचा छोटा बल्ब बसवला होता.

प्रयोगशाळेत गेल्यावर मला माझं काम कळलं. माझ्या फटीला दोन तारांनी एक डबा जोडतात. बटण दाबलं, की तो माझ्यातल्या विजेला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळवतो. हे टोक धन, ते ऋण. लगेच उलट. पुन्हा उलट. सेकंदाला पंधरा कोटी वेळा! बाहेरून बघाल तर मी ढिम्म, आणि आत ही धावपळ.

या धावपळीची बातमी आजूबाजूला पसरते, पण ती एकदम सगळीकडे पोचत नाही. प्रकाशाच्या वेगाने जाते, तरी जायला वेळ लागतोच. ती थोडी लांब जाते न जाते, तोवर माझ्यातली वीज उलटलेली असते. मग पहिल्या बातमीला परतीची वाट राहत नाही. अगदी जवळची खळबळ माझ्याकडे परत येते, पण लांब निघून गेलेली लहर कायमची गेली. ती वाटेत माझ्या धाकट्या भावाला भेटते, त्याच्यातली वीज तशीच हलवते आणि त्याच्या पोटातला बल्ब लागतो. मध्ये तार नाही, काही नाही. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक पोर "आयला!" म्हणतं. मॅडम ऐकू न आल्यासारखं करतात.

पण माणसांची एक खोड मला कधी कळली नाही. माझ्याकडून बल्ब लावून घ्यायचा असला, की ती माझं टोक बल्बाकडे रोखतात. बोट दाखवावं तसं! आणि मी टोकाच्या दिशेने काही म्हणजे काही पाठवत नाही. माझं सगळं जातं ते बाजूंना, सगळ्यात जास्त बरोबर काटकोनात. मग बल्ब लागत नाही आणि पोरं म्हणतात, उपकरण बिघडलंय. नाचता येईना, अंगण वाकडं!

अशीच बरीच वर्षं गेली आणि एके दिवशी मिस्त्रींची लेक त्याच वर्गात शिकायला आली. मी तिला डोळ्यांवरून ओळखलं. बापासारखंच टक लावून बघणं. अभ्यासाला मात्र ती घोकणारी होती. मी कुठल्या दिशेला किती पाठवतो, याचं सूत्र तिला झोपेतही म्हणता आलं असतं, कोनाच्या ज्येसकट, म्हणजे साइनसकट. पण तोंडी परीक्षेत कुणी "का?" असं विचारलं, की ती पुन्हा सूत्रच म्हणायला लागायची. प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली.

तिला शिक्षिका व्हायचं होतं. मिस्त्रींना ती वर्कशॉपमध्ये हवी होती, कारण लेथ चालवायला पुढे कुणीच नव्हतं. त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं, "आता तिसरी खेप, शेवटची. नापास झालीस, तर कॉलेज बंद आणि माझ्या लेथवर उभं राहायचं." हे तिने मॅडमना सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. मी सगळं ऐकत होतो. तिच्यासाठी माझा जीव तुटत होता, पण बोलणार कसा?

परीक्षेआधीचे दहा दिवस मॅडमनी वर्ग सुटल्यावर तिला रोज थांबवून घेतलं. पहिल्याच दिवशी तिने सूत्र घडाघडा म्हटलं आणि मला उचलून माझं टोक सरळ बल्बाकडे रोखलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू आत्ता काय म्हणालीस? टोकासमोर कोन शून्य. मग शून्य कोनाची ज्या किती?"

"शून्य."

"मग तिथे बल्ब लागेल का?"

"नाही," ती म्हणाली आणि माझं टोक तसंच रोखून उभी राहिली. आठ दिवस पालथ्या घड्यावर पाणी. मॅडमसुद्धा चष्मा काढून डोळे चोळत बसायच्या.

नवव्या दिवशी ती धावतच आली, दप्तर खांद्यावर तसंच.

"मॅडम, काल मी बाबांना डबा द्यायला गेले. ते करवतीने सळई कापत होते. मी बरोबर करवतीच्या टोकासमोर उभी होते, बोलणी खात. आणि मला करवत हलतानाच दिसेना! नुसता एक ठिपका. बाबा म्हणाले, तोंडापुढून हो बाजूला. मी बाजूला झाले, तर पात्याची ही एवढी चाल. इकडून तिकडे, तिकडून इकडे." तिने माझ्यावर हात ठेवला. "याच्यातली वीजही तशीच चालते ना? टोकासमोरच्याला तिची आडवी चाल दिसतच नाही. आणि लांब जाते ती फक्त आडवी चालच. म्हणून शून्य!"

मॅडम ताडकन उठल्या. त्यांनी बटण दाबलं आणि धाकट्या भावाला तिच्या हातात दिलं. तासभर ती माझ्याभोवती गोल फिरत होती. माझ्या टोकाकडे बल्ब विझायचा, बाजूला लख्ख. भावाला माझ्याशी काटकोनात उभा धरला, की बाजूलाही विझायचा. "तुझी चाल आडवी आणि हा उभा, मग याच्यातली वीज कशी हलेल!" असं ती मलाच सांगत होती. मला कुणी इतकं समजून घेतलं नव्हतं, खरंच सांगतो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. कडक इस्त्रीचे कपडे, हसणं वर्ज्य. तिच्या नशिबी मीच आलो. मी म्हटलं, जिंकलो! पण तिने मांडणी सुरू करण्याआधी परीक्षकांनी स्वतःच मला उचललं, माझं टोक बल्बाकडे रोखलं आणि बटण दाबलं. बल्ब कसला लागतोय!

"उपकरण नादुरुस्त आहे," ते म्हणाले आणि पेन काढलं. "हे बाजूला ठेवा. तुम्ही दुसरा प्रयोग करा."

दुसऱ्या प्रयोगाचं तिला 'का' माहीत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या. परीक्षा चालू असताना त्यांना बोलायची परवानगी नव्हती. आणि पोरगी दुसऱ्या टेबलाकडे वळली. बाई गं, बोल! आज नाही बोललीस, तर कधी बोलशील?

"सर," ती म्हणाली. आवाज चिरका झाला होता. "ते बिघडलेलं नाहीये."

"मी आत्ता लावून बघितलं ना?"

"हो सर, पण तुम्ही टोक रोखलंत. टोकाकडून ते काही देत नाही." आणि मग पाणी फुटल्यासारखी ती बोलत सुटली. करवत, ठिपका, आडवी चाल, सगळं. बोलता बोलता तिने मला आडवं फिरवलं. बल्ब लागला.

परीक्षकांनी चष्मा वर केला. मला पुन्हा टोकाने रोखलं, विझला. आडवं केलं, लागला. मग भावाला हातात घेऊन ते स्वतः माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. "करवत," ते हळूच म्हणाले. पुढे अर्धा तास त्यांनी तिला प्रश्न विचारले, आणि मला वाटतं, शेवटचे चार स्वतःसाठी. बाहेर बाकीची पोरं रांगेत कंटाळली होती. तिला पहिल्या वर्गाचे गुण मिळाले.

मिस्त्री फाटकाशी उभे होते. लेक त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. मला त्यांनी घडवलं खरं, पण मी काय करतो ते कधी पाहिलंच नव्हतं. तिने भावाला त्यांच्या हातात दिलं आणि बटण दाबलं. आणि ते कुठे उभे राहावेत? बरोबर माझ्या टोकासमोर.

"बघ," ते पडेल आवाजात म्हणाले. "नाही लागत. मला तेव्हाच वाटलं होतं, फट ठेवली की काम फसतं."

"बाबा, दोन पावलं बाजूला व्हा."

ते झाले. बल्ब त्यांच्या हातात लागला. मिस्त्री किती वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं, फटीपाशी जरा जास्तच. लेकीला शाबासकीचा एक शब्द म्हणाले नाहीत. पण शर्तीचा विषयही पुन्हा काढला नाही.

आता मॅडम निवृत्त झाल्यात आणि त्यांच्या जागी मिस्त्रींची लेक शिकवते. माझा बेकलाइटचा गट्टू गेल्या महिन्यात तडकला. मी लुळा पडलो आणि भंगाराच्या यादीत माझं नाव लागलं. लेकीने ते खोडलं, मला कापडात गुंडाळलं आणि थेट वर्कशॉपमध्ये आणलं.

मिस्त्रींची नजर आता अधू झालीय. ते स्टुलावर बसले आणि लेथवर ती उभी राहिली, पदर खोचून. "हात हलका ठेव. घाई नको. हां, आता घे," ते सांगत होते. नायलॉनचा नवा गट्टू तिने स्वतः घडवला. तिसऱ्यांदा जमला, आधीचे दोन वाया गेले.

"नापास झालीस तर इथे उभी करीन म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाले. "पास होऊनच उभी राहिलीस."

ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. त्यांचेही.

उद्या मी परत प्रयोगशाळेत जाईन. तुम्ही कधी आलात, तर एवढंच ऐका. माझ्या टोकासमोर उभे राहून मला मोडका म्हणू नका. दोन पावलं बाजूला व्हा आणि मग सांगा.

मला कापडात गुंडाळण्याआधी मिस्त्रींनी बोटांनी चाचपत माझी फट शोधली. एक कागदाची पट्टी तिच्यातून या बाजूने त्या बाजूला ओढून पाहिली आणि मला लेकीच्या हातात दिलं.

"फट बरोबर आहे," ते म्हणाले. "ही कुणाला बुजवू देऊ नकोस. मलासुद्धा."