सिग्नलला थांबली की गरम

दुपारी तीन वाजता जुन्या गाडीच्या एसीने पुन्हा गरम हवा सोडली. पाचला माझा दादा त्याच गाडीतून आईला मावशीकडे नेणार होता. आईला उन्हाचा त्रास. तिला उकाड्यात बसवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वडिलांच्या या गाडीखेरीज दुसऱ्या कशातही बसायला ती तयार नव्हती.

मेकॅनिकने घरी येऊन गेज लावलं. गॅस पुरेसा होता, पट्टा घट्ट होता, कॉम्प्रेसर फिरत होता. एक फेरी मारून पाहिली, तर गाडी पळताना हवा गार यायची आणि सिग्नलला थांबली की भट्टी.

त्याने बॉनेट उघडून समोरच्या जाळीमागे हात घातला. "दादा, इथे मी बसवलेला पंखा कुठाय?"

"काढला. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकांनी नाक मुरडलं. म्हणाले, हा मूळचा नाही."

"नाहीच मूळचा. पण थांबलेल्या गाडीला वारा कोण घालणार? परीक्षक?"

दारात उभी असलेली वहिनी हसली. "बक्षिसाची ढाल आहे ना, तिनेच घाला."

"पंखा असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे," मेकॅनिक म्हणाला. "नवा मागवला तर उद्यावर गेलं."

दादा माळ्यावर चढला. साडेचारला आई पर्स घेऊन मागच्या सीटवर येऊन बसली. वरून खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. पंखा अजून सापडलेला नव्हता.