माणूस दिसला की काम बंद

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. माझ्यावरचा 'अ' पार पुसून गेला आहे आणि स्पेसबार मधोमध गुळगुळीत झाला आहे. एका मोठ्या कारखान्यात मी तयार झालो. पट्ट्यावरून सरकत आलो, एका बाईंनी माझी एकेक कळ दाबून पाहिली आणि मला खोक्यात झोपवले. खोके उघडले ते थेट मामांच्या दुकानात.

मामांना सगळे घर मामाच म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. सरकारी कचेरीसमोर रस्त्यापलीकडे त्यांचे टायपिंगचे छोटेसे दुकान होते. कुणाला नळाचे कनेक्शन हवे असे, कुणाला जन्माचा दाखला, कुणाला अडकलेली पेन्शन. लोक घाईघाईत सांगत आणि मामांची बोटे माझ्यावरून भराभर धावत. समोरच्याचे बोलणे संपायच्या आत मामांचा पूर्णविराम पडलेला असे. लोक तोंडात बोट घालत. त्यातले थोडे कौतुक माझ्याही वाट्याला येई आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

दुकानातून कचेरीची खिडकी सरळ दिसे. रांगेतला माणूस घामाघूम होऊन खिडकीशी पोचला, की आतला कारकून नेमका तेव्हाच उठे. झडप खाली येई. मामांनी हे वर्षानुवर्षे पाहिले. टाइप केलेला कागद घेऊन गेलेली माणसे तोच कागद घेऊन परत येताना पाहिली. त्यांची जीभ तिखट होत गेली, यात नवल नव्हते.

पुढे लोक फोनवरच अर्ज भरू लागले. दुकान बंद झाले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तिथे माझे काही खरे नव्हते. पण मामांना घरी करमेना. ते संगणकावर बातम्या वाचू लागले, बातमीखाली लोक काय लिहितात ते वाचू लागले आणि एक दिवस त्यांनी मला खाली काढून पुसले.

मामांनी टोपणनाव घेतले, 'जेवणाची सुट्टी'. सरकारचे नवे ॲप उघडेना, तेव्हा त्यांनी लिहिले, "बरोबरच आहे. साडेदहाच्या आधी कसं उघडेल?" युद्धनौका पाण्यात उतरल्याची बातमी आली, तेव्हा लिहिले, "उतरली हे ठीक, तरंगली याचं अभिनंदन." खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे जमत. मामा ते मोजत नसत, पण पाहत मात्र असत. आतून मामींचा आवाज येई, "अहो, जेवायला येताय, की सरकार पाडूनच येणार?"

मला हे सगळे फार आवडे, हे मी लपवत नाही. म्हातारपणी कुणाला पुन्हा उपयोगी पडायला आवडणार नाही?

मग ती बातमी आली. सैन्यासाठी जमिनीतले सुरुंग काढणारे एक यंत्र तयार झाले होते. मोठ्या मैदानात पाहुण्यांसमोर ते चालवून दाखवत होते. यंत्र ऐटीत निघाले आणि अर्ध्या वाटेत थबकले. पाहुण्यांचा फोटो काढायच्या नादात एक फोटोवाला समोरून आडवा गेला होता. त्यानंतर यंत्र हलेचना. साहेब लोक घाम पुसत उभे राहिले. ती चित्रफीत सगळीकडे फिरली.

मामांच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली असणार. त्यांनी एका दमात लिहिले, "शेवटी सरकारीच यंत्र! माणूस दिसला की काम बंद."

मित्रांनो, काय सांगू! संध्याकाळपर्यंत ते वाक्य घरोघरी पोचले. वृत्तनिवेदिकेने ते हसत वाचून दाखवले. भाजीवाल्याने ते मामींनाच ऐकवले. मामी म्हणाल्या, "तुमचंच पीक आहे, आणि भाजीवाला मलाच विकतोय." त्या दिवशी मामांची मान ताठ झाली होती. माझीही झाली असती, पण मला मान नाही.

थोड्याच दिवसांत मामांची भाची राहायला आली. लहानपणी घरातली प्रत्येक वस्तू खोलून पाहायची, म्हणून मामा तिला खारूताई म्हणत. ती इंजिनिअर होती आणि कुठल्याशा सरकारी कार्यशाळेत कामाला होती. काम गुपित होते, म्हणून घरात कुणी खोदून विचारत नसे. या वेळी तिचा चेहरा उतरलेला होता.

"मामा, माझ्या लॅपटॉपची बटणं अडकतायत. तुझा कीबोर्ड दे ना जरा. साहेबांना लिहायचंय."

"घे की. पण कशाबद्दल एवढं?"

"आता काय लपवायचं, सगळ्या जगाने पाहिलंय." ती खुर्चीत बसली. "ते सुरुंगाचं यंत्र आमचं आहे."

मामांच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

"अगं, पण ते तर बंद पडलं ना?"

"बंद नाही पडलं, मामा. माणूस दिसला म्हणून थांबलं. थांबायलाच तर शिकवलं होतं त्याला! त्या यंत्राच्या बाजूने आमचे फिटरकाका चालत असतात. ते घसरले, पडले, तर यंत्राने जागच्या जागी थांबायला हवं. पुन्हा चालू करायची चावी त्या दिवशी भलत्याच माणसाच्या खिशात राहिली, म्हणून ते हललं नाही. एवढंच."

"मग सांगा ना तसं लोकांना."

"कोण ऐकतंय? मीटिंगमध्ये तो विनोद पडद्यावर दाखवला. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी यंत्र थांबलेलं दिसता कामा नये. ते थांबणंच काढून टाकायला सांगितलंय." तिने माझ्यावर हात ठेवला. "ज्याने तो विनोद लिहिला ना, त्यानेच खाली लिहिलं, की यंत्र थांबलं ते बरोबर होतं, तर साहेबांपुढे ठेवता येईल. ते लोकांच्या हसण्यालाच तर घाबरलेत. पण हा 'जेवणाची सुट्टी' कुठे शोधायचा?"

मामा तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. मला वाटले, आता बोलतील. ते म्हणाले, "चहा टाकायला सांगतो."

मग तिने माझ्यावरच साहेबांना विनंती लिहिली. ज्या कळांनी तो विनोद लिहिला होता, त्याच कळांनी आता ती लिहीत होती, की कृपा करून थांबण्याची सोय काढू नका, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तिची बोटे मामांसारखी सफाईने चालत नव्हती. मला बोलता आले असते, तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

ती कामावर परतली. मामा रोज माझ्यासमोर बसत. 'मीच तो' एवढे लिहीत आणि खोडत. एकदा तर सगळे नीट लिहून झाले होते, फक्त पाठवायचे उरले होते. पण भाचीच्या नजरेत मामा म्हणजे घरातला सर्वांत हुशार माणूस. तिच्यापुढे तोंड कसे दाखवायचे, या विचाराने ते सगळे पुसून टाकत. "उद्या बघू," असे म्हणून ते उठत. ही 'उद्या या'ची भाषा ते आयुष्यभर त्या खिडकीत ऐकत आले होते, आणि तिचाच त्यांना राग होता.

दुसऱ्यांदा यंत्र चालवून दाखवले, तेव्हा ते कुठेही थांबले नाही. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. चिखलात फिटरकाकांचा पाय घसरला आणि ते यंत्राच्या पट्ट्याखाली सापडले. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखालून गेला.

मामांनी बातमी वाचली. खाली पिवळे चेहरे जमायला लागले होते. कुणीतरी लिहिले होते, "प्रगती आहे! आता माणूस दिसला तरी काम चालूच." मामींनी ते मागून वाचले. त्यांनी फोन आणून मामांच्या हातात दिला.

"खारूताई," मामा म्हणाले. "तो... जेवणाची सुट्टी... तो मी आहे गं. तू आली होतीस तेव्हाही मीच होतो. मी बोललो नाही."

मामांनी फोन कानाला इतका घट्ट धरला होता, की कान लाल झाला. मग तिचा आवाज आला. रडून बसलेला.

"तू तेव्हा बोलायला हवं होतंस, मामा."

"हो."

"तो विनोद पहिल्या दिवशी मला कुणीतरी पाठवला होता. मी तो फिटरकाकांना पाठवला." ती थांबली. "आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो."



मामांनी त्याच दिवशी स्वतःच्या खऱ्या नावाने सगळे लिहिले. यंत्र का थांबले होते, विनोद कुणाचा होता, आपण कधी गप्प बसलो. ते फार थोड्यांनी वाचले. 'सरकारने पाकीट दिलं वाटतं' असे लोकांनी लिहिले. मामांनी एकालाही उत्तर दिले नाही. दर रविवारी ते इस्पितळात जातात. फिटरकाका त्यांना रागावत नाहीत, आणि मामांना तेच सर्वांत जड जाते.

मित्रांनो, मी निर्जीव वस्तू. माझ्यावर जे दाबाल, ते मी पुढे पाठवतो. मला थांबता येत नाही, ते तुम्हालाच जमते. सरकारची थट्टा करू नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. ती झडप मीही पाहिली आहे. हसा, खुशाल हसा. पण पाठवण्याआधी एवढे विचारा, की त्या यंत्राच्या बाजूने कोण चालत आहे?