म्युनिक ते ड्युसेलडॉर्फ, गरम खिरीसकट

मी जुना थर्मास आहे मित्रांनो, भंगार नव्हे. पोटाला पोचा आहे, झाकणाचा रंग उडालाय, पण आत ठेवलेली ऊब मी सहजासहजी सोडत नाही.

नागपूरला जगदीशरावांचा कारखान्यातला चहा मी गरम राखत असे. सोबतचे म्हणायचे, "वहिनींनी चूलच धाडली का?" हे ऐकून त्यांच्या पत्नी द्रौपदीबाई खूश व्हायच्या, दाखवायच्या मात्र नाहीत. जगदीशराव गेल्यावर लेक उत्कर्षाने मला म्युनिकला आणलं. तिच्या लॅबमध्ये माझं कौतुक झालं. पुढे बटण दाबून उघडणारा नवा मग आला आणि माझी रवानगी केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या अडगळीच्या खोलीत झाली. तीही झाकण घट्ट लावून. आतून कुबट वास सुटला. चांगल्या घरच्या भांड्याला यापरती नामुष्की नाही.

दोन हजार सोळा साली द्रौपदीबाई लेकीकडे आल्या. मुलगा धम्मपाल ड्युसेलडॉर्फला नोकरीला. फोन केला की म्हणायचा, "अगं आई, तासाभराचं तर विमान. येतो कधीही." ते 'कधीही' काही उगवेना. बाईंचा व्हिसा संपत आला. लेकाला न बघताच परत जायची पाळी आली.

"लांब असता तर रजा काढून आला असता," बाई म्हणाल्या. "जवळ आहे म्हणून राहिला. आता मीच जाते."

उत्कर्षाने बुद्धपौर्णिमेची दोघींची विमानाची तिकिटं काढली. त्या दिवशी सकाळी वंदना झाली, खीर वाटली. धम्मपालचा वाटा बाईंनी बाजूला काढला. मला हुडकून आणलं, सोड्याने घासलं, उकळतं पाणी घालून आधी तापवलं आणि मग खीर भरली. उत्कर्षाला न सांगता मला लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातलं.

विमानतळावर तपासणीच्या बाईने मला नेमकं बाहेर काढलं.

"आई, पातळ काही घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ना?" उत्कर्षा म्हणाली.

"पातळ कुठेय? मी घट्ट खीर करते. सांग तिला."

तिने सांगितलं. तपासणीवालीने मान हलवली. ओतून टाका, नाहीतर मागे फिरा.

"आई, तिकडे पुन्हा करू."

"पुन्हा करायची असती तर कृती पाठवली असती. चल, रेल्वेने जाऊ."

"पाच तास लागतात. आणि या जुन्या डबड्यात ती गरम राहणार आहे का?"

डबडं! मी बूच आवळून बसलो.

गाडीत उत्कर्षाने मला हात लावला. "गार लागतोय गं."

"बाहेरून गार म्हणजे आत गरम. त्याचं त्याला कळतं. तू उघडू नकोस."

मित्रांनो, डोंगर गेले, नदी गेली, फ्रँकफर्ट गेलं. मला फक्त एकच काम होतं, पोटातली ऊब राखायचं.

धम्मपालने दार उघडलं, तो बघतच राहिला. "जय भीम, आई... अगं, कळवायचं तरी."

"जय भीम. तासाभराचं तर अंतर. त्यात कळवायचं काय?"

आत आल्या आल्या बाईंनी माझं बूच काढलं. वाफ थेट त्याच्या चष्म्यावर गेली. काचा पुसायला त्याला फार वेळ लागला. उत्कर्षा खिडकीबाहेर बघत राहिली.

"आधी खा," बाई म्हणाल्या, "निवेल."

तेव्हा मित्रांनो, आपलं माणूस विमानाने किती तासांवर आहे ते सांगत बसू नका. विमानाचे तास विमान बघेल. तुम्ही घरातून निघा. सोबत काही गरम न्यायचं असेल, तर मी तयार आहे.