कडेकडेने चालणारा नट

मार देल प्लाताला सकाळ समुद्रातून वर येते. आधी क्षितिजावर एक जास्वंदी धागा, मग केशरी किनार, मग सोनसळी ओघळ; आणि मग अवघा अटलांटिक, नुकतीच कल्हई लावून उन्हात ठेवलेल्या परातीसारखा, लखलखू लागतो.

फेब्रुवारीचा महिना. पृथ्वीच्या त्या पालथ्या बाजूला फेब्रुवारीत ऐन उन्हाळा असतो, आणि ऐन उन्हाळ्यात अर्धे अर्जेंटिना या एका किनाऱ्यावर येऊन पालथे पडते. पट्ट्यापट्ट्यांचे कापडी तंबू, रंगरंगीत छत्र्या, तेलाने चकाकणाऱ्या असंख्य पाठी. वाळू अशी दिसत नाहीच. माणसांच्या फटींतून कुठे तरी डोकावते.

त्या लवणगंधित, फेनशुभ्र, ऊनभरल्या गर्दीच्या कडेकडेने एक माणूस चालला होता. विजारीची टोके दुमडलेली, हातात बूट, डोक्यावर गवती हॅट. एलिसेओ मार्तोरेल. वय त्रेसष्ट. व्यवसाय, चित्रपटनट.

कोणी त्याला ओळखत नव्हते. यात लोकांचा काही दोष नव्हता. बत्तीस वर्षे त्याने मेहनतच त्यासाठी घेतली होती.

एकोणसत्तर चित्रपट. एकोणसत्तर चित्रपटांत त्याने दारे उघडली. महालांची दारे, इस्पितळांची दारे, तुरुंगांची आणि नाचघरांची दारे. नायिका भिजून आली की दार त्याने उघडायचे. नायक रुसून गेला की दार त्याने लोटायचे. तो खानसामा होता, कारकून होता, पाद्री होता, श्रीमंत विधवेचा मुका दीर होता. हॅट झेलणारा हात त्याचा, हॅट दुसऱ्याची. मेणबत्ती धरणारी मूठ त्याची. उजळणारा चेहरा दुसऱ्याचा.

नायकाच्या पाठीमागून जायचे आणि जाताना प्रेक्षकाची नजर बरोबर न्यायची नाही, ही त्याची विद्या. दुधात साखर विरघळते तसे विरघळायचे, आणि गोडी दुधाच्या नावावर लागू द्यायची. दिग्दर्शक एकमेकांना सांगत, मार्तोरेलला घ्या, तो दिसत नाही. त्या धंद्यात याहून मोठी शिफारस नाही, आणि याहून मोठा शापही नाही.

त्याला पाहणारे एकच माणूस होते. देल्मिरा, त्याची बायको.

देल्मिरा स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करी. एकोणसत्तर वेळा तिने त्याचा कोट बेतला, आणि एकोणसत्तर वेळा अंधाऱ्या थिएटरात बसून पडद्याच्या डाव्या कडेकडे टक लावली. सारे प्रेक्षक चुंबनाकडे पाहत असताना ती चुंबनामागच्या दाराकडे पाही. सगळे चित्रपट तिने पाहिले होते, आणि एकाचीही गोष्ट तिला सांगता येत नसे. शेजाऱ्यांना कोपराने ढोसून ती म्हणे, तो बघा, तो, डावीकडे. शेजारी बघेपर्यंत तो गेलेला असे.

मग सत्तरावा चित्रपट आला.

दिग्दर्शक तरुण होता, दाढीवाला होता, आणि तरुण दाढीवाल्यांना सुचते ते त्याला सुचले. या चित्रपटात एलिसेओने दार उघडायचे नव्हते. त्याने खिडकीशी बसायचे होते, एक संत्रे सोलायचे होते, आणि मुलगा परदेशी निघून गेला आहे हे त्या सोलण्यातून कळायचे होते. संवाद नाही. नायक नाही. पडद्यावर दोन मिनिटे एकच चेहरा, आणि तो चेहरा त्याचा.

तीन दिवस त्याने संत्री सोलली. सालीची अखंड वेटोळी, पिवळीधमक, सुगंधी, टेबलावरून लोंबणारी. तिसऱ्या दिवशी दिव्यांजवळचा माणूस डोळे पुसत होता. दिव्यांजवळची माणसे सहसा कशानेही डोळे पुसत नाहीत.

आणि आज, दुपारी साडेसहाच्या खेळाला, इथे, याच शहरात, चित्रपट पहिल्यांदा लोकांपुढे यायचा होता. तिकडे साडेसहाला दुपारच म्हणतात. संध्याकाळ नऊला होते.

देल्मिराने राजधानीच्या बार्राकास वस्तीतल्या आपल्या अख्ख्या आळीला आमंत्रण दिले होते. खाटीक रुपेर्तो, औषधवाल्याची विधवा, इस्त्रीवाल्या तिघी बहिणी, त्यांची नवरेमंडळी, भाचेकंपनी: एकूण सव्वीस जीव. त्यांनी मिळून एक बस ठरवली. चारशे किलोमीटरची वाट. बस सकाळी सात वाजता ब्वेनोस आयरेसहून सुटली.

आठ वाजता हॉटेलच्या दिवाणखान्यात दिग्दर्शकाचा सहायक एलिसेओला भेटला आणि हातातली कॉफी न सांडता त्याने सांगितले की संत्र्याचे दृश्य काढले आहे. दृश्य फार सुंदर झाले होते. इतके सुंदर की चित्रपट तिथे येऊन थांबत होता. म्हणून दृश्य थांबवले, आणि चित्रपट चालता केला.

एलिसेओने मान डोलावली. सहायकाला जायचे होते म्हणून त्याने, सवयीने, दार उघडून धरले.

मग देल्मिराकडे जाऊन तो म्हणाला की पाणी किती गार आहे ते जरा बघून येतो. ती खुर्चीत बसून नव्या झग्याची शेवटची टीप घालत होती. दातांत दोरा असल्याने तिने नुसते हूं केले. त्यानंतर पाच तास एलिसेओ पाणी किती गार आहे ते पाहत होता.

कसे सांगायचे? सव्वीस माणसांचे राहू दे. त्या एका बाईला कसे सांगायचे? ती आज पहिल्यांदा पडद्याच्या मध्यावर पाहायला आली होती. वाक्ये जुळत, आणि लाटेपाशी जाऊन मोडत. जुळत, आणि मोडत. तो किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेला, आणि परत फिरला.

परतताना एका लाल छत्रीपाशी त्याला एक मुलगी दिसली. चारेक वर्षांची, निळ्या पोहण्याच्या कपड्यातली, एकटी. रडत नव्हती, चिडलेली होती. तिचे नाव ग्रासिएला, आणि तिचे म्हणणे असे होते की आई हरवली आहे, आणि ती नेहमीच अशी हरवते.

त्या किनाऱ्याची एक रीत आहे. हरवलेले मूल ज्याला सापडेल त्याने ते खांद्यावर घ्यायचे आणि चालू लागायचे. भोवतालचे लोक टाळ्या वाजवू लागतात. ते पुढे गेले की पुढचे वाजवतात, त्याच्या पुढचे वाजवतात. टाळ्या मुलाबरोबर किनाऱ्याने चालत जातात, आणि आई टाळ्यांच्या रोखाने धावत येते. पोलीस नाही, भोंगा नाही, नाव-गाव-पत्ता नाही. नुसत्या टाळ्या.

एलिसेओने मुलगी खांद्यावर घेतली. लाल छत्रीखालच्या जाड्या गृहस्थाने पहिली टाळी वाजवली. मग छत्री छत्रीला बोलली, तंबू तंबूला बोलला. आणि बघता बघता ओल्या तळव्यांची, तेलकट तळव्यांची, सुरकुतल्या आणि कोवळ्या तळव्यांची एक कडकडती सर वाळूवरून धावत सुटली.

नाटकातल्या नटाला आपल्या टाळ्या ऐकायला मिळतात. चित्रपटातल्या नटासाठी त्या वाजल्या, तरी तो तेव्हा घरी जेवत असतो. एलिसेओसाठी तर त्या वाजल्याही नव्हत्या. तो त्या देशात जन्मला होता, टाळ्या कोणासाठी आहेत हे त्याला पक्के ठाऊक होते. छातीला मात्र कोणी तसे कळवले नव्हते. छाती भरून आली ती आली.

पण सवय ही घोड्यासारखी; धनी झोपला तरी आपल्या वाटेला लागते. इतके डोळे आपल्याकडे वळलेले पाहताच एलिसेओची पावले कडेला सरकली. दोन पावले तंबूंच्या सावलीकडे. मग चार. मग तो तंबूंच्या रांगेमागूनच चालू लागला, अलगद, अदृश्य, अचूक. बत्तीस वर्षांची विद्या सगळी पायांत होती.

टाळ्या गोंधळल्या. इकडे वाजत आहेत म्हणून आई इकडे धावे. इकडे कोणी नाही. तिकडे वाजत आहेत म्हणून तिकडे धावे. तिकडे नुसते कापड फडफडे. पाव तास झाला. अर्धा तास होत आला. लोकांचे तळवे लाल झाले, आणि मूल काही दिसेना.

"आपण लपतोय का?" वरून ग्रासिएलाने विचारले.

"नाही."

"मग तुम्ही लपल्यासारखे का चालता?"

एलिसेओ थांबला. एकोणसत्तर चित्रपटांवर अनेकांनी अनेक परीक्षणे लिहिली होती. त्याच्या कामाबद्दल हे पहिलेच.

उंच मचाणावरून जीवरक्षकानेही त्याला हेरले होते. हाताचा कर्णा करून तो ओरडला, "ओ आजोबा, मधे या की! पोरगी दाखवायची आहे, लपवायची नाही!"

मग एलिसेओ मधे आला.

तंबूंची सावली मागे पडली. उघडे ऊन, उघडी वाळू, उघडे आकाश. डोईवर सूर्य, खांद्यावर चार वर्षांचा संतप्त जीव, आणि चहूकडे डोळे: काळे, निळे, मधाळ, मिचमिचे, हजारो. ज्या जागी कोणी तरी दुसरे उभे असते, ज्या जागेसाठी त्याने जन्मभर वाट मोकळी केली, त्या जागेतून तो, बूट काखेत मारून, सावकाश, सरळ, चालत गेला.

तिथे त्याला देल्मिरा दिसली. एक वाजून गेला, माणूस न्याहारीवाचून हिंडतो आहे, म्हणून ती शोधायला निघाली होती. सगळा किनारा मुलीकडे पाहत होता. एक बाई, कपाळावर आडवा हात धरून, मुलीच्या खालच्या माणसाकडे पाहत होती.

तेवढ्यात आई आली. केस सुटलेली, एका पायात चप्पल असलेली. तिने मुलीला ओढून घेतले, आधी धपाटा, मग मुका, मग पुन्हा धपाटा. आयांचा हा क्रम जगभर एकच आहे. टाळ्या एकदा प्रचंड कडाडल्या आणि थांबल्या. लोक पुन्हा आपापल्या पाठी भाजू लागले.

रिकाम्या खांद्यांनी एलिसेओ तिथेच उभा राहिला. कडेला सरकला नाही.

देल्मिरा जवळ आली.

"संत्र्याचं काढलं," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. मी चित्रपटात नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते तिने वाऱ्यावर ढकलले. त्या किनाऱ्यावर वारा पुष्कळ असतो, आणि कोणाचाही आळ अंगावर घेतो.

"कधी कळलं?"

"सकाळी आठला."

"आणि मला दुपारी सांगतोस, म्हाताऱ्या." तिकडच्या बायका नवऱ्याला लाडाने आणि रागाने याच नावाने हाक मारतात, आत्ता यातले कोणते, ते तिलाही ठरवता आले नसते.

बसचे काय करायचे, असे त्याने विचारले. तूच त्यांना हळूच सांगशील का, असेही विचारले.

"मी नाही सांगणार," देल्मिरा म्हणाली. "बत्तीस वर्षं मीच सांगत आले, तो बघा, तो डावीकडं. आज तू सांग. पुढं उभा राहून सांग."

रखडत रखडत साडेचारला बस आली. सव्वीस माणसे उतरली, चुरगळलेली, अत्तर लावलेली, ठेवणीतल्या कपड्यांत घामाघूम. एलिसेओ त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याने हॅट काढली आणि जे होते ते तीन वाक्यांत सांगितले. आवाज जरा कापला. पण त्याला आवाज आहे हेच आळीला नवे होते.

कोणी हसले नाही. औषधवाल्याच्या विधवेने पुढे होऊन त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. इस्त्रीवाल्या बहिणींनी त्या दाढीवाल्याबद्दल जे म्हटले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मग खाटीक रुपेर्तोंनी गळ्यातला टाय सैल केला. "मी तर जातो बुवा खेळाला," ते म्हणाले. "देल्मिरा नसली की गोष्ट तरी कळेल."

पहिली हसली ती देल्मिरा. मग सगळे हसले, आणि त्या हसण्यात कोणी तरी सांगून टाकले की आपण समुद्र कधी पाहिलेला नाही. एकाने सांगितल्यावर दुसऱ्यानेही सांगितले. मोजले तर चौदा निघाले.

तिघे-चौघे रुपेर्तोंबरोबर थिएटरात गेले. बाकीचे उतरणीवरून वाळूत उतरले. पायमोजे काढले, झगे गुडघ्यांपर्यंत उचलून धरले, आणि ओल्या रेतीत एका रांगेत उभे राहिले. एलिसेओ त्यांच्या पुढे पाण्यात शिरला, पोटऱ्यांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत. पाणी बरेच गार होते.

सूर्य शहराच्या पाठीमागे उतरत गेला. ऊन तांबूस झाले, तांबूसाचे जांभळे झाले. किनाऱ्यावरच्या माणसांच्या सावल्या त्यांच्या पायांतून सुटून समुद्राकडे निघाल्या. लांब, आणखी लांब, आणखी. सर्वांच्या पुढे, उघड्या पाण्यावर, एलिसेओची सावली पडली होती. लाट आली, तिच्यावरून गेली. लाट गेली, सावली राहिली. पुन्हा आली, पुन्हा गेली. आणि सावली, किंचित हलत, होती तिथे होती.